केवळ तलवारीनिशीं : भुयारांतील एका खेळाविषयीं

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरीं एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. मुलें संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यासमोर ठाण मांडून बसतात, आणि वडील माणसें "डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल" असें म्हणत त्यांच्या मागें लागतात. या वादांत दोन्ही पक्षांकडून एकच गोष्ट विसरली जाते. ती ही कीं, संगणकावरील सारे खेळ एका मापानें मोजतां येत नाहींत. मुलांस ते सर्वच सारखे गोड वाटतात व पालकांस सर्वच सारखे कडू. वस्तुतः पत्त्यांचा जुगार व बुद्धिबळ हे दोन्ही बैठे खेळ असले तरी त्यांस कोणी एका पंक्तीस बसवीत नाहीं. तोच विवेक येथेंहि केला पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखांत एकाच जातीच्या खेळाची, व त्या खेळांतहि एकाच प्रकारच्या वीराची माहिती देण्याचें योजिलें आहे. हा वीर धनुष्य वापरीत नाहीं, मंत्र म्हणत नाहीं. हातांतील तलवार जेथपर्यंत पोहोंचेल तेथपर्यंतच त्याचें सामर्थ्य. अशा वीरानें राक्षसांनीं भरलेल्या भुयारांत शिरून जिवंत परत कसें यावें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'रोग' या नांवाचा खेळ होय. नांव ऐकून पालकांनीं दचकूं नये. हा मराठींतील रोग नव्हे. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ भामटा किंवा लुच्चा असा आहे. सुमारें १९८० सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेंत मायकेल टॉय व ग्लेन विचमन या दोघां तरुणांनीं तो रचिला, आणि पुढें बर्कली येथील केन अर्नोल्ड यानें त्यास हातभार लाविला. त्या वेळीं विद्यार्थ्यांच्या वाट्यास येणाऱ्या संगणकांच्या पडद्यांवर बहुधा अक्षरें व विरामचिन्हेंच उमटत. तेव्हां कर्त्यांनीं अक्षरांचीच सृष्टि उभी केली. आडव्या-उभ्या रेघांच्या भिंती, ठिपक्यांची जमीन, इंग्रजी वर्णमालेंतील 'ए'पासून 'झेड'पर्यंतच्या २६ मोठ्या अक्षरांचे २६ प्रकारचे राक्षस, आणि ई-मेलच्या पत्त्यांत मधोमध येणारें 'अ‍ॅट' हें वाटोळें चिन्ह म्हणजे आपला वीर! या मूळ खोडास पुढें पुष्कळ फांद्या फुटल्या. त्यांपैकीं १९८७ सालीं निघालेला 'नेटहॅक' व १९९७ सालीं निघालेला 'डंजन क्रॉल' हे दोन खेळ विशेष प्रसिद्धीस आले. हे दोन्ही आज विनामूल्य मिळतात व साध्या, जुन्या संगणकावरहि चालतात.

खेळाची कथा दोन वाक्यांत सांगतां येते. जमिनीखालीं मजल्यावर मजले असें एक मोठें भुयार आहे. 'रोग'मध्यें सव्विसाव्या मजल्यावर येंडोरचा ताईत म्हणून एक अद्भुत वस्तु ठेविलेली आहे. एकट्यानें खालीं उतरून ती घ्यावयाची व पुन्हां वर उजेडांत यावयाचें, इतकेंच काम. परंतु या सोप्या कथेस तीन नियमांची जोड आहे, व त्या तीन नियमांतच या खेळाचें सारें मर्म आहे.

पहिला नियम हा कीं, येथें सर्व कांहीं पाळीपाळीनें चालतें. आपण एक पाऊल टाकलें म्हणजे शत्रूहि एक पाऊल टाकतो; आपण थांबलों तर साऱ्या भुयाराचा श्वास थांबतो. एका खेळीचा विचार करण्यास कोणी पांच क्षण घेवो अथवा पांच दिवस घेवो, खेळ मुकाट्यानें वाट पाहत राहतो. दुसरा नियम हा कीं, भुयार दर डावास नवें असतें. दालनें, बोळ, जिने, शत्रु व वस्तु यांची मांडणी यंत्र प्रत्येक वेळीं निराळी करतें. म्हणून कालच्या वाटा पाठ करून आज कांहीं उपयोग होत नाहीं. पाठांतरानें परीक्षा उतरूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास हा परीक्षक फार कठोर वाटेल. आणि तिसरा नियम सर्वांत कडक: वीर मेला म्हणजे मेला. मध्येंच खेळ थांबवून तो जपून ठेवतां येतो, पण ती जपलेली प्रत पुन्हां उघडतांच नाहींशी होते. हातून घात झाल्यावर मागल्या पानावर जाऊन तोच प्रसंग पुन्हां खेळण्याची सोय येथें नाहीं. पुन्हां खेळावयाचें तर पहिल्या मजल्यावरून, नव्या वीरासह, नव्या भुयारांत.

आतां आपल्या तलवारबाजाकडे वळूं. 'रोग'चा वीर निघतांना गदा, धनुष्यबाण, चिलखत व थोडी शिधासामग्री घेऊन निघतो. 'नेटहॅक'मध्यें १३ प्रकारच्या पात्रांपैकीं एक निवडावयाचें असतें. त्यांत वैद्य आहे, जादूगार आहे, प्रवासी आहे, आणि उत्तर युरोपांतील पुराणकथांतून घेतलेली 'व्हाल्किरी' नांवाची वीरांगनाहि आहे. ही वीरांगना अंगानें काटक व शस्त्रांत निपुण असल्यामुळें नवशिक्यांस बहुधा तिचीच शिफारस केली जाते. 'डंजन क्रॉल'मध्यें तर मंत्रविद्येचा सर्वस्वीं त्याग करावयास लावणारा ट्रॉग नांवाचा एक काल्पनिक देव आहे. वृषभमुखी मिनोटॉर हा त्याचा भक्त केल्यास दणकट तलवारबाज किंवा परशुधारी तयार होतो. असें पात्र घेऊन, हातीं आलेलें धनुष्य बाजूस ठेवून, केवळ हातघाईची लढाई करीत तळापर्यंत जाण्याची प्रतिज्ञा कित्येक खेळाडू करतात.

बाण संपतात, हरवतात. मंत्राचें बळ सरतें. तलवार मात्र हातांत राहते. हा तिचा गुण. परंतु तिचा दोषहि तितकाच उघड आहे. शत्रूस मारावयाचें तर त्याच्या अगदीं लगतच्या घरांत जाऊन उभें राहिलें पाहिजे, आणि ज्या अंतरावरून आपण मारूं शकतों त्याच अंतरावरून तोहि आपणांस मारूं शकतो. धनुर्धारी दुरून लढून स्वतः सुरक्षित राहूं शकतो. तलवारबाजाची सुरक्षितता अंतरांत नसून जागेंत असते. कोठें उभें राहावें, कोणत्या क्षणीं भिडावें, कोणास मुळींच हात लावूं नये व केव्हां पाठ फिरवावी, या चार प्रश्नांचीं उत्तरें म्हणजेच त्याची युद्धकला होय.

प्रथम जागेचा विचार करूं. बुद्धिबळाच्या पटावर मधोमध असलेल्या राजाभोंवतीं आठ घरें असतात, हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या वीराचीहि तीच स्थिति. मोकळ्या दालनाच्या मध्यभागीं तो उभा राहिला तर एकाच वेळीं आठ शत्रु त्यास वेढूं शकतात. भिंतीस पाठ लावली तर आठांचे पांच होतात. कोपऱ्यांत शिरलें तर तीन. आणि सरळ, अरुंद बोळांत मागें सरकून उभें राहिलें, तर समोरून एकाच शत्रूचा हात आपणांपर्यंत पोहोंचतो. बाकीचे त्याच्या पाठीमागें रांगेंत ताटकळत राहतात.

याचें महत्त्व केवळ शब्दांनीं पटणार नाहीं. म्हणून थोडें गणित करूं. या खेळांत अंगांतील जीव अंकांनीं मोजतात. समजा, सहा शत्रु अंगावर आले. प्रत्येक शत्रु दर खेळीस आपले २ अंक घेतो, आणि प्रत्येकास लोळविण्यास आपणांस ३ खेळ्या लागतात. दालनाच्या मधोमध उभें राहिल्यास पहिल्या ३ खेळ्यांत सहाहि जण मारतात, म्हणजे १८ वार बसतात. पुढच्या ३ खेळ्यांत पांच जण उरतात, म्हणून १५. मग अनुक्रमें १२, ९, ६ व ३. एकूण वार झाले ६३, आणि गमावलेले अंक १२६. आतां तेच सहा शत्रु बोळांत एकामागून एक येऊं द्या. लढाई पूर्वींइतकीच, म्हणजे १८ खेळ्यांची. परंतु दर खेळीस बसणारा वार एकच. एकूण वार १८ व गमावलेले अंक ३६. वीर तोच, तलवार तीच, शत्रूहि तेच. बदलली ती केवळ उभें राहण्याची जागा, आणि नुकसानींत साडेतीन पटींचें अंतर पडलें! ज्याच्या अंगांत ५० अंकांचा जीव आहे तो पहिल्या ठिकाणीं खात्रीनें मरेल व दुसऱ्या ठिकाणीं खात्रीनें जगेल.

ही गोष्ट खेळाच्या कर्त्यांनीं नवीन शोधून काढलेली नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या ठाण्यास, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरास व आतांच्या अहिल्यानगरास, जो भुईकोट किल्ला आहे त्याच्या तटानें हा धडा चारशें वर्षांपूर्वींच पाहिला आहे. १५९५ सालच्या अखेरीस अकबर बादशहाचा पुत्र मुराद यानें या किल्ल्यास वेढा घातला. आंत निजामशाहीचा कारभार चांदबिबी पाहत होती; ती हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा राणी. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग खणिले. आंतील लोकांनीं त्यांपैकीं कांहीं आधींच हुडकून निकामी केले. परंतु १५९६ च्या फेब्रुवारींत एक सुरुंग उडाला व तटास मोठें खिंडार पडलें. किल्ल्यांतील भल्याभल्यांचा धीर सुटण्याची ती वेळ. त्या वेळीं चांदबिबी तोंडावर बुरखा घेऊन व हातांत नंगी तलवार घेऊन स्वतः खिंडारापाशीं येऊन उभी राहिली, आणि तिला पाहून लोक परतले. तोफा, बंदुका व दारूचे बाण यांचा मारा चालूच होता. परंतु खिंडारांतून चढून येणाऱ्यांस अखेर हातघाईनेंच मागें रेटावें लागलें. बाहेर मैदानावर मोगलांची फौज कितीहि अफाट पसरलेली असली, तरी खिंडाराच्या तोंडाशीं एका वेळीं जितके शिरूं शकतील तितक्यांशींच आंतल्यांस लढावयाचें होतें. दिवस मावळेपर्यंत हल्ला थोपविला गेला, आणि रातोरात तटाची डागडुजी झाली. पुढें १६६० सालीं बाजीप्रभु देशपांडे यांनीं घोडखिंडींत थोड्या मावळ्यांनिशीं विजापूरच्या मोठ्या सैन्यास अडवून धरलें, त्यांतहि हेंच सूत्र होतें. खिंड, खिंडार, दरवाजा व बोळ हीं थोड्यांचीं मित्रस्थानें आहेत. मोकळें मैदान हें पुष्कळांचें.

दुसरा प्रश्न भिडण्याच्या क्षणाचा. नवशिका शत्रु दिसतांच धांवत जातो व ऐटीनें त्याच्या अंगाशीं जाऊन ठेपतो. पण त्या शेवटच्या पावलांतच त्याची खेळी खर्च होते, आणि पहिला वार शत्रूस मिळतो. जाणता खेळाडू दोन घरें अंतर उरलें म्हणजे थांबतो व एक खेळी मुद्दाम सोडून देतो. आतां जवळ येण्याचें पाऊल शत्रु टाकतो, आणि पहिला वार आपला होतो. आखाड्यांत उतरलेला कसलेला मल्लहि असाच वागतो. तो समोरच्यावर झेंप घेत नाहीं; हात पुढें करून, पाय रोवून, समोरच्याला आपल्या कक्षेंत येऊं देतो. एका वाराचा फायदा क्षुल्लक वाटेल. पण भुयारांत शेंकडों झुंजी व्हावयाच्या असतात, आणि प्रत्येक झुंजींत वांचलेला एकेक वार हीच पुढच्या झुंजीची शिदोरी.

परंतु शत्रूजवळच धनुष्य असेल तर? तो दुरूनच बाण सोडील व आपला तलवारबाज वाटेंतच घायाळ होईल. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा कीं, त्याच्याकडे धांवण्याऐवजीं भिंतीच्या वळणाआड जावें. नेम धरण्यास मार्ग उरला नाहीं म्हणजे आपला पाठलाग करणाऱ्या शत्रूस वळण ओलांडून यावें लागतें, आणि तेथें त्याची गांठ आपल्या तलवारीशीं पडते. दुसरा उपाय अधिक मौजेचा आहे. 'नेटहॅक'मध्यें शत्रूस बाण मारतां येतो तो केवळ सरळ किंवा तिरप्या ओळींत, म्हणजे बुद्धिबळांतील वजीर ज्या रेषांनीं चालतो त्या रेषांवरच. घोड्याच्या अडीच घरांच्या चालीनें जें घर येतें तेथें उभ्या असलेल्या वीरावर त्यास नेम धरतां येत नाहीं. आणि त्या घरांतून एक पाऊल टाकलें कीं आपण थेट त्याच्या लगत! म्हणून शहाणा तलवारबाज धनुर्धाऱ्याकडे सरळ रेषेंत जात नाहीं. तो बाजूबाजूनें, रेषा चुकवीत जातो. ज्यांस बुद्धिबळाचा नाद आहे अशा विद्यार्थ्यांस ही युक्ति सांगतांच समजेल.

तिसरा प्रश्न शत्रूच्या ओळखीचा. भुयारांतील सारे शत्रु केवळ बलानें मोजून भागत नाहीं. 'नेटहॅक'मध्यें सैनिक मुंगी नांवाचा एक प्राणी आहे. मुंगी ती काय, असें म्हणून हंसणारे पुष्कळ वीर तिच्याच हातून गारद झाले आहेत. वीराची चाल १२ मानली तर तिची १८ आहे. म्हणजे आपण दोन पावलें टाकतों तितक्यांत ती तीन टाकते, आणि एकेका खेळींत दोनदां डसते. तिच्यापुढून पळणें व्यर्थ. कारण पळणाऱ्याच्या पाठीवरहि वार बसतातच. तेथें बोळ गांठून उभें राहणें व लढणें हाच मार्ग. उलट, हवेंत तरंगणारा एक निळा डोळा आहे. त्याची चाल अवघी १. तो कोणास चावत नाहीं, मारीत नाहीं, जागचा फारसा हालतहि नाहीं. परंतु त्यास पाहत असतां तलवारीचा एक वार कराल, तर त्याच्या दृष्टीनें अंग लुळें पडतें, आणि पुष्कळ खेळ्यांपर्यंत बोटहि हालवितां येत नाहीं. मग वाटेनें येणारा क्षुद्र उंदीरहि वीराचा प्राण घेऊं शकतो. धनुर्धारी त्यास दुरून निर्धास्तपणें मारील. तलवारबाजानें मात्र वाट सोडून बाजूनें निघून जावें. समोर येईल त्यावर शस्त्र उगारणें म्हणजे शौर्य, अशी ज्याची समजूत असते तो या डोळ्यापाशींच संपतो.

'रोग'मधील अ‍ॅक्वेटर या प्राण्याची गोष्ट तर याहूनहि विचित्र आहे. त्याच्या स्पर्शानें लोखंडी चिलखत गंजतें व उत्तरोत्तर निरुपयोगी होतें; शरीरास मात्र त्याच्या फटक्यानें कांहींच इजा होत नाहीं. तेव्हां जाणता वीर काय करतो? तो दिसतांच अंगावरील चिलखत उतरवून ठेवतो व उघड्या अंगानें त्याच्याशीं लढतो. एरवीं जें वेडेपण ठरेल तेंच या एका शत्रूपुढें शहाणपण ठरतें. नियम पाठ केलेला व नियमाचें कारण समजलेला या दोघांतील भेद दाखविण्यास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

चौथा व सर्वांत अवघड प्रश्न माघारीचा. तलवारबाजास पळण्याची लाज वाटतां कामा नये. 'नेटहॅक'मध्यें जिना चढून वरच्या मजल्यावर गेल्यास अगदीं लगतच्या घरांत असलेले शत्रूच मागोमाग येऊं शकतात. बाकीचे खालींच राहतात. म्हणून टोळीशीं गांठ पडली असतां जिन्यावर उभें राहावें, एकच शत्रु लगत असेल तो क्षण साधून वर जावें, त्या एकट्यास वर लोळवावें, आणि मग पुन्हां खालीं उतरावें. ही माघार नव्हे, ही शत्रूची वांटणी आहे. परंतु केव्हां केव्हां खरीच माघार घ्यावी लागते. ती जीव दहा-पांच अंकांवर आल्यावर घेऊन उपयोग नाहीं. अर्धा जीव शिल्लक असतांनाच घेतली पाहिजे. कारण परतीच्या वाटेवरहि एखादा शत्रु भेटणारच, आणि त्याच्यासाठीं कांहीं राखून ठेवणें अवश्य आहे. चांदबिबीनें खिंडार राखलें, तरी वेढा दीर्घकाळ चालल्यास आंतील अन्न व दारूगोळा पुरणार नाहीं हें न ओळखण्याइतकी ती भोळी नव्हती. तिनें तह केला, वऱ्हाड प्रांत दिला व किल्ला राखला. खिंडारांत उभें राहणें व तहास बसणें हीं दोन्ही एकाच धैर्याचीं दोन रूपें होत.

माघार घेऊन विश्रांति घेतली म्हणजे जीवाचे अंक हळूहळू पुन्हां भरूं लागतात. मग प्रत्येक झुंजीनंतर पोटभर विश्रांति कां घेऊं नये? याचें उत्तर कर्त्यांनीं भुकेच्या रूपानें देऊन ठेविलें आहे. वीरास जेवावें लागतें. शिधा थोडा असतो. भूक वाढली म्हणजे अशक्तता येते, मग भोंवळ, मग मृत्यु. अतिघाई करणारा तलवारीनें मरतो, तर अतिसावध उपासानें. या दोहोंमधील अरुंद वाटेनें चालणें हाच खेळ. औषधांच्या बाटल्यांचेंहि असेंच. भुयारांत रंगीबेरंगी द्रव्यांच्या बाटल्या सांपडतात. कोणत्या रंगांत कोणता गुण, हें दर डावास बदलतें. एखादी जखमा भरून काढते, एखादी डोळे अंध करते. नवशिका त्या जपून ठेवतो व मरणाच्या दारीं पोहोंचल्यावर एकेक उघडूं लागतो. शहाणा मात्र शत्रु जवळ नसतां, अंगांत पुरेसा जीव असतां त्यांची परीक्षा करून ठेवतो. संकटाच्या वेळीं शस्त्र परजावें. त्याची ओळख मात्र निवांत वेळींच करून घ्यावी.

आतां शेवटच्या व मुख्य मुद्द्याकडे येऊं. या खेळांत वीर बहुधा कशानें मरतो? एखाद्या अजिंक्य राक्षसामुळें क्वचितच. पुष्कळ वेळां तो मरतो तो चांगला बलवान झाल्यावर, चार झुंजी सहज जिंकल्यावर, हात एकाच कळेवर सवयीनें पडत असतांना. पडद्याच्या कोपऱ्यांत जीवाचे अंक उतरत असतात. ते उघड दिसत असतात. पण पाहण्याइतका धीर कोणास असतो? येथें पहिला नियम पुन्हां आठवावा. खेळ थांबलेला आहे. तो आपल्या पुढच्या पावलाची वाट पाहत आहे. विचार करण्यास लागेल तितका वेळ तो देत आहे. घाई खेळास नसते. घाई असते ती खेळणारास. म्हणून वीर मेल्यावर यंत्रावर, दैवावर अथवा शत्रूवर बोल ठेवण्यापूर्वीं क्षणभर थांबून मागील दहा खेळ्या आठवाव्या. त्यांत एक तरी खेळी अशी सांपडते कीं, तेथें दुसरें पाऊल टाकतां आलें असतें. जो हें शोधून काढतो त्याचा पुढचा वीर एक मजला तरी अधिक खोल जातो. जो शोधीत नाहीं तो शंभर डाव खेळूनहि तेथेंच राहतो. गणिताच्या वहींतील चुकलेल्या उदाहरणाची गोष्ट याहून निराळी नाहीं.

पालकांच्या मनांतील शंकेस उत्तर देणें प्राप्त आहे. वर सांगितलेले दोन विनामूल्य खेळ मुलांकडून पैसे उकळीत नाहींत. त्यांत डोळे दिपविणारा झगमगाट नाहीं. पडद्यावर येणारा इंग्रजी मजकूर मात्र सतत वाचावा लागतो, व तो लाभच आहे. तथापि त्यांत एक धोका निश्चित आहे, आणि तो लपवून ठेवणें योग्य नव्हे. डाव संपला कीं "आणखी एकच" असें मन म्हणतें. भुयार दर वेळीं नवें असल्यामुळें कंटाळा येत नाहीं, व कंटाळा नसल्यामुळें वेळेचें भान राहत नाहीं. यावर एक साधा घरगुती नियम पुरेसा आहे: एका दिवशीं एकच वीर. तो मेला कीं त्या दिवसाचा खेळ संपला. आणि अभ्यासाची अथवा झोंपेची वेळ झाली, तर तो जिवंत असला तरी जपून ठेवून उठावें. या नियमानें दोन फायदे होतात. वेळ वांचतो हा एक. आणि दिवसाकाठीं एकच जीव हातीं असल्यामुळें मूल तो जपून खेळूं लागतें, हा दुसरा. शिवाय खेळ कोणत्याहि क्षणीं थांबवून जपतां येत असल्यामुळें, आईनें जेवावयास हांक मारली असतां "आतां उठतां येत नाहीं, लढाई चालू आहे" ही सबब येथें मुळींच चालत नाहीं, हेंहि विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवावें! लढाई आपण परत येईपर्यंत थांबते.

बाहेरच्या जगांत लढाई कोणासाठीं थांबत नाहीं. तेथें विचार करण्यास मिळणारा वेळ थोडा असतो व चुकीची किंमत खरी असते. म्हणूनच, जेथें वेळ भरपूर आहे व मरण खोटें आहे अशा ठिकाणीं ही संवय लावून घेणें बरें. अंगावर येणाऱ्यांची संख्या मोजावी. आपला हात कोठवर पोहोंचतो हें ओळखावें. मैदान सोडून बोळ गांठावा. ज्यास हात लावूं नये त्यास लावूं नये. आणि शक्ति उरली असतांनाच मागें फिरावें. सामर्थ्य थोडें असणें ही कांहीं लाज नव्हे. बहुतेक माणसांजवळ दूरवर मारा करणारें धनुष्य किंवा चमत्कार करणारा मंत्र नसतोच. असते ती हातापुरती तलवार. ती घेऊन कोठें उभें राहावें हें ज्यास कळलें त्यास ती पुरते.